निघताना विचारलेलं ‘कुठे’

स्पॅनिश शिकवणाऱ्या त्या मुलीने फळ्यावर सात शब्द लिहिले आणि माझं डोकं फिरलं.

के, किएन, दोन्दे, क्वांदो, कोमो, क्वांतो, पोर के. काय, कोण, कुठे, कधी, कसं, किती, का. प्रत्येक शब्दातल्या एका अक्षराच्या डोक्यावर तिने लाल मार्करने छोटी तिरकी रेघ काढली आणि म्हणाली, "हे सात शब्द आले ना, की तुम्ही कुठेही हरवणार नाही. फक्त विचारायचं. लाजायचं नाही." पंचविशीची पोर, केस वर बांधलेले, पायात स्पोर्ट्स शूज. ‘फक्त विचारायचं’ हे तिने इतक्या सहज सांगितलं की मला तिलाच विचारावंसं वाटलं, बाई गं, तू कोणाच्या घरात वाढलीस?

आमचं ऑफिस माजिवड्याला. कंपनी रसायनं परदेशी पाठवते आणि त्या मालाची कागदपत्रं करण्यात माझी बावीस वर्षं गेली. मेक्सिको आणि पेरूची गिऱ्हाइकं वाढली तसं साहेबांनी फर्मान काढलं की निदान ओळखीपुरती स्पॅनिश सगळ्यांना आली पाहिजे. मंगळवार-गुरुवार, ऑफिस सुटल्यावर तासभर, कॉन्फरन्स रूममध्ये. चोपन्नाव्या वर्षी मी वही-पेन घेऊन बाकावर बसले. बाक म्हणजे फिरती खुर्चीच, पण मनाने मी बाकावरच होते.

पहिले तीन तास बरे गेले. माझं नाव हे, मी इथे राहते, मला चहा आवडतो. चौथ्या तासाला हे सात शब्द आले. स्पॅनिशमध्ये प्रश्न लिहायचा तर वाक्याच्या आधीच एक उलटं प्रश्नचिन्ह काढतात, शेवटी सुलटं आहेच. म्हणजे प्रश्न येतोय हे समोरच्याला आधीच कळतं. मला ते फार आवडलं. आमच्या घरात प्रश्न यायचा तो ‘नाही म्हणजे, सहजच’ असं म्हणत, भिंतीला धरून धरून.

मग तिने जोड्या लावल्या. माझ्या जोडीला डिस्पॅचमधले एक गृहस्थ आले. कल्याणचे, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, मिशा पांढऱ्या. खेळ सोपा होता. एकाने पर्स किंवा बॅग घेऊन दाराकडे निघायचं, दुसऱ्याने मागून विचारायचं, "आदोन्दे बास?" कुठे चाललीस? पहिल्याने वळून उत्तर द्यायचं, बाजारात, बँकेत, घरी.

मी पर्स घेऊन निघाले. दाराशी पोहोचले. मागून ते गृहस्थ खणखणीत आवाजात म्हणाले, "आदोन्दे बास?"

आणि मी परत आले, खुर्चीत बसले, बाटली उघडली आणि पाणी प्यायले.

मला कळलंसुद्धा नाही मी काय करतेय. वर्ग हसायला लागला. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, काय झालं? उत्तर द्या ना." ते डिस्पॅचवालेच म्हणाले, "मिस, त्यांचं बरोबर आहे. आमच्याकडे पण बसायला लागतं. निघणाऱ्याला कुठे विचारलेलं चालत नाही. काम होत नाही मग."

"पण का?" तिने विचारलं.

वर्गात चाळिशीच्या पुढचे आम्ही सहा जण होतो. सहाही जण आपापल्या वहीत बघायला लागलो.

मला सांगता आलं असतं, पण ते स्पॅनिशमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. मराठीतसुद्धा मी ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आम्ही डोंबिवलीचे. मूळ गाव कोकणात. वडील एमआयडीसीत, रंग बनवणाऱ्या कारखान्यात पाळ्या करायचे. घरातून कोणी निघालं की ‘कुठे’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. अगदीच राहवलं नाही तर आई विचारायची, "लांब का?" वडील म्हणायचे, "हं." त्या ‘हं’मध्ये कारखाना, बाजार, गाव, मित्राचं घर, सगळं बसायचं. एकदा ते ‘हं’ म्हणून गेले आणि अकरा दिवसांनी गावाहून परत आले. आईने अकरा दिवस दोन्ही वेळा त्यांचं ताट वाढून झाकून ठेवलं, पण आल्यावरही विचारलं नाही.

मी तिसरीत होते. एका सकाळी वडील कारखान्याचे कपडे न घालता इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. मला तो शर्ट फार आवडायचा. मी उड्या मारत दारात गेले आणि म्हटलं, "बाबा, कुठे?"

ते थांबले. परत आत आले, चपला काढल्या, खाटेवर बसले. आईने पाणी दिलं. ते डोळे मिटून बसून राहिले, पाच मिनिटं असतील, पण घरात कोणी हललं नाही. मग उठले, चपला घातल्या आणि जाता जाता माझ्या कानाखाली वाजवली. त्या दिवशी त्यांचा ठाण्याच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू होता. ती नोकरी लागली नाही.

पुढची वीस वर्षं मी ती नोकरी घालवलेली मुलगी होते. बाबा पाळीवरून अंगाला रंगाचा वास घेऊन आले की, खोकला झाला की, पगार पुरला नाही की, ‘हिने कुठे विचारलं ना तेव्हा.’ माझ्या लग्नातसुद्धा कोणीतरी हसत हसत माझ्या नवऱ्याला सांगितलं, "जपून हो, निघताना विचारते ही." लोक हसले. मीही हसले. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. माणसाला इंटरव्ह्यूत प्रश्नांची उत्तरं आली नसतील, असं एकाच्याही मनात कसं आलं नाही?

धाकट्या भावाने ही गोष्ट मांडीवर असल्यापासून ऐकलेली. तो कधीच काही विचारायचा नाही. गुणी मुलगा.

तर त्या चौथ्या तासाला घरचा अभ्यास मिळाला. घरातलं एक माणूस निवडायचं, त्याच्याबद्दल सातही शब्द वापरून प्रश्न लिहायचे आणि पुढे उत्तरं. मी आई निवडली. शुक्रवारी संध्याकाळी भाजी फोडणीला टाकून ओट्याशीच वही घेऊन बसले. कोण? माझी आई. कुठे राहते? डोंबिवलीत. कोणाबरोबर? मुलगा, सून, नातू; वडील आता नाहीत. काय करते? टीव्ही बघते, लसूण सोलते. वय किती? एकोणऐंशी. कशी आहे? बरी आहे. मग सरावाचा तो प्रश्न आला, आदोन्दे बा? कुठे जाते? म्हातारी कुठे जाणार, असं मनात म्हणून मी ‘कुठेही नाही’ लिहायला घेतलं, आणि हात थांबला.

तीन आठवड्यांपूर्वी भावाचा फोन आला होता. बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरलीय, दोन-अडीच वर्षं भाड्याच्या घरात राहायचंय, वन बीएचके मिळालंय, मुलगा बारावीत. आणि मग म्हणाला होता, "आईची पण सोय केलीय."

मी काय म्हणाले होते? "बरं झालं."

एवढंच. मी, जिला वीस वर्षं एका प्रश्नाची शिक्षा झाली, तिने कुठे सोय केली हे विचारलं नाही. ते विचारण्याचं धाडस नव्हतं म्हणून नव्हे. विचारलं असतं तर पुढचं मला करावं लागलं असतं, म्हणून. हे मला तिथे ओट्याशीच कळलं, आणि भाजी करपली.

भावाला फोन लावला. म्हटलं, "आईची सोय कुठे केलीयस?"

"अगं ताई, तू ना... मी आता बाहेर आहे. येशील तेव्हा बोलू."

"कधी जायचंय तिला?"

"बघू गं. तू टेन्शन नको घेऊस."

शनिवारी आईला फोन केला. ती खुशीत होती. म्हणाली, "उद्या निघायचंय. सकाळी दहाला गाडी येणारेय."

"कुठे निघायचंय, आई?"

"ह्या! निघताना कुठे काय विचारायचं? लांब का, एवढं विचारलं मी. हो म्हणाला."

फोन ठेवला आणि मी नवऱ्यावर ओरडले. त्याचा काही संबंध नव्हता, तो पेपर वाचत होता. पण त्या क्षणी घरात दुसरा पुरुष नव्हता.

रविवारी साडेनऊला मी डोंबिवलीत होते. भावाच्या घराचं दार उघडंच. हॉलमध्ये खोके, गुंडाळलेल्या गाद्या, भिंतींवर फोटो काढल्याचे चौकोन. आई खुर्चीत बसलेली, हिरवी काठाची साडी नेसून. ती साडी ती सणालासुद्धा नेसत नाही, ‘मळेल’ म्हणते. पायाशी तिची बॅग. मी बॅगेची चेन उघडली. दोन साड्या, औषधांचा डबा, जपाची माळ. आणि वर, फडक्यात नीट गुंडाळून, एक नारळ, खण आणि तांदळाची पुडी.

"हे कशाला, आई?"

"अगं, इतकी वर्षं गेलेच नाही मी. देवीची ओटी नको भरायला? रिकाम्या हाताने जायचं का गावाला?"

ती गावाला चालली होती. तिच्या हिशेबात ‘लांब’ म्हणजे गाव. दुसरं लांब तिला ठाऊकच नाही.

मी भावाकडे पाहिलं. तो खोक्याला चिकटपट्टी लावत होता, लावलेल्यावरच पुन्हा लावत होता. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझी नजर टाळली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही चहा घेणार?"

म्हणजे ह्या सगळ्यांनी तो नारळ पाहिला होता. सकाळी तिने तो शेंडी ठेवून सोलून मागितला असणार, कोणीतरी सोलून दिला असणार. तिला कोणीच खोटं सांगितलं नव्हतं, आणि हेच त्यांचं सगळ्यात मोठं खोटं होतं. तिने विचारायचं नाही आणि त्यांनी सांगायचं नाही. किती सोयीचा नियम! माझ्या आजीने, पणजीने हा नियम सांभाळला तो घरातली माणसं सुखरूप परत यावीत म्हणून. माझ्या भावाने तो वापरला एका म्हातारीला गुपचूप गाडीत बसवायला.

"गाडी आली," भाचा मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. देवाचे फोटो खोक्यात गेले होते, तिने त्या खोक्यालाच हात जोडले. दाराशी जाऊन चपला घातल्या. चौकटीला हात लावला आणि रिकाम्या भिंतींना म्हणाली, "येते हं."

मी हॉलच्या मधोमध उभी होते. म्हटलं, "कुठे?"

मोठ्याने म्हटलं. शेजारच्या दारापर्यंत गेलं असेल.

भावाच्या हातातून चिकटपट्टी पडली. "ताई! अक्कल आहे का तुला? निघताना..."

"कुठे चाललीस, आई?" मी पुन्हा म्हटलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी, वडील खाटेवर डोळे मिटून बसले होते तेव्हा तिने माझ्याकडे असंच पाहिलं होतं. त्या वेळी मला वाटलं होतं ती रागावलीय. आता तशी खात्री वाटेना.

तिने चपला काढल्या. परत आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "पाणी दे गं."

"आई, चल ना," भाऊ म्हणाला. "गाडी खाली थांबलीय. हे सगळं जुनं झालं आता. कोणी मानत नाही."

गेल्याच वर्षी स्कूटर घ्यायला निघताना बायकोने ‘कुठल्या शोरूमला?’ विचारलं म्हणून हाच माणूस अर्धा तास सोफ्यावर बसून राहिला होता.

"कुठे झालंय रे," आई शांतपणे म्हणाली. "बसायला लागतं."

मग मी त्याला विचारलं. एकामागून एक, त्या मुलीने फळ्यावर लिहिले होते त्याच क्रमाने, कारण रागात मला दुसरा क्रम सुचत नव्हता. काय आहे ते? वृद्धांचं निवासी केंद्र. कोण चालवतं? ओळखीतले आहेत. कुठे? टिटवाळ्याच्या पुढे. एका खोलीत चार जणी. कधी आणणार परत? तो पडलेली चिकटपट्टी उचलायला वाकला. कशी राहील ती तिथे, तिला रात्री बाथरूमला धरून न्यावं लागतं? किती वेळा भेटायला जाशील?

"तू किती वेळा येतेस गं?" तो एकदम उसळला. "बावीस वर्षं ठाण्यात आहेस. पाऊण तासाचा रस्ता. सणाला येतेस, साडी देतेस, जातेस. मी केलंय सगळं. डॉक्टर मी, औषधं मी. आणि वन बीएचकेमध्ये चार माणसं कुठे झोपवू, सांग ना! फोनवर सांगितलं तेव्हा बरं झालं म्हणालीस. तेव्हा का नाही विचारलंस?"

‘का’ राहिला होता. तो त्याने मला विचारला.

आई पेला हातात धरून बसली होती. सगळं ऐकत होती. गाव नाही, हे तिला कळलं; पेला कलला आणि पाणी साडीवर सांडलं. ती साडी मळायला नको म्हणून जपायची, तिने पुसलीसुद्धा नाही.

ती भावाला म्हणाली, "मग तिथे मी ओटी कोणाची भरणार होते रे?"

एवढंच. आवाज चढला नाही, रडली नाही. भाऊ खोक्यावर बसला आणि त्याने तोंड हातात घेतलं. मला त्याची कीव आली नाही. अजूनही येत नाही. पण त्याचं म्हणणं खरं होतं हे मी विसरलेले नाही.

मी आईपाशी खाली बसले. म्हटलं, "माझ्याकडे चल."

"लेकीकडे? किती दिवस?"

"आधी चल तर."

"मी किती दिवस विचारलं," आई म्हणाली.

एकोणऐंशी वर्षांत तिने पहिल्यांदा कोणाला धड प्रश्न विचारला असेल, आणि मी त्यालाही बगल देत होते. आमच्या दोन खोल्या डोळ्यांपुढे आल्या, माझी सकाळची घाई, रात्री-अपरात्री तिला हात द्यायला उठणं, नवऱ्याचा चेहरा. सगळं आलं. मग म्हटलं, "कायमची."

तिने राहिलेलं पाणी संपवलं. भाच्याने खाली फोन करून गाडी परत पाठवली आणि ठाण्यासाठी दुसरी बोलावली. आई उठली, चपला घातल्या, नारळ स्वतःच्या हातात घेतला. दाराशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर थांबली. मला वाटलं तिला गुडघ्याचा त्रास होतोय. मी धरायला पुढे झाले, तर तिने हाताने मला थांबवलं.

"विचार ना रे," ती म्हणाली.

भावाला आधी कळलंच नाही. मग कळलं. खोक्यावर बसल्या बसल्या, मान खाली घालून तो म्हणाला, "कुठे चाललीस, आई?"

"ठाण्याला," आई म्हणाली. "लेकीकडे."

आणि ती परत येऊन बसली नाही. कठड्याला धरून जिना उतरायला लागली.